लीगमधलं नववं कॉलेज

प्रणाली इंगळे अकोल्याच्या एका कॉलेजात मुलींना कबड्डी शिकवते. स्वतः अंजनगाव सुर्जीला शिकत होती तेव्हा तिच्या चढाईचं तालुक्यात नाव होतं. पण तिचं कॉलेज विभागाच्या लीगमध्ये नव्हतं. अमरावती-अकोल्याचे सामने ती प्रेक्षकांत बसून पाहायची.

लीगमधल्या आठ कॉलेजांत यंदा एक वाढवायचं ठरलं. दोन कॉलेजं इच्छुक होती: अमरावतीचं एक नवं कॉलेज आणि अंजनगावचं. निवड समितीत प्रणालीही होती. पहिल्याच बैठकीत ती अध्यक्ष भगवंतरावांना म्हणाली, "सर, मी अंजनगावचीच आहो. माझं मत धरू नका."

"मंग समितीत काहून बसल्या?"

"एवढंच सांगाले. नुसत्या इमारती पाहू नका. दोन्ही संघांले त्यांच्याच मैदानावर लीगमधल्या एखाद्या संघाशी खेळवून पाहा."

भगवंतराव कुरकुरले, पण तयार झाले.

अमरावतीला बंदिस्त हॉल, नवीकोरी मॅट, लख्ख दिवे. पोरी झकास खेळल्या, जिंकल्याही. मात्र सगळ्या शेवटच्या वर्षाच्या. पुढच्या वर्षी कोण खेळणार, याचं उत्तर प्रशिक्षकाला नीट देता आलं नाही.

अंजनगावला मातीचं मैदान. पोरींनी पाणी मारून ते चोपलं होतं, चुन्याच्या रेघा आखल्या होत्या. शेवटच्या चढाईत त्या हरल्या. प्रणालीने मान खाली घातली. तेवढ्यात शाळेतल्या मुली घोळक्याने मैदानात उतरल्या, आणि हरलेली कॅप्टन आचल घाम पुसत त्यांना पकडी शिकवू लागली.

भगवंतरावांनी तिला विचारलं, "हे आज आमाले दाखवाले का?"

"नाही सर, रोजचंच आहे. या पोरींले गावी जायची बस असते, उशीर करून नाही जमत." एवढं बोलून ती परत वळली.

निर्णयाच्या दिवशी प्रणाली आपणहून व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. आतून आवाज चढले, उतरले. मग भगवंतराव दारात आले.

"या मॅडम. अंजनगाव घेतलं. तुमचं मत धरलं नाही, बरं का."

तिला हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

पहिल्याच हंगामात अंजनगावचा संघ अकोल्याला आला आणि प्रणालीच्याच पोरींना हरवून गेला. आचलची शेवटची चढाई पाहताना प्रणाली आपोआप टाळ्या वाजवू लागली. तिची कॅप्टन माया गुडघ्याची माती झाडत समोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, तुमी कोणासाठी टाळ्या वाजवून राहिल्या?"

"चांगल्या खेळासाठी," प्रणाली म्हणाली. "उद्या लवकर ये. तिले कसं पकडाचं ते शिकवते."

माया फुगून निघून गेली. प्रणाली मात्र मान ताठ करून, अंजनगावच्या पोरींना भेटायला मैदानाच्या पलीकडे चालत गेली.