देवाजीभाऊंची दोन ओळींची बातमी

देवाजीभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते टेबलाशी उभे राहून एक नाव मोठ्याने वाचत होते. चंद्रपूरच्या एका छोट्या दैनिकात मी पानं लावायच्या कामाला नुकतीच लागले होते. ते तिथले मुख्य उपसंपादक. अपघाताच्या बातमीतलं मृताचं नाव त्यांनी दोनदा वाचलं, गावच्या वार्ताहराला फोन करून खात्री केली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सुनंदा, शीर्षक चुकलं तं लोकं हासतेत. नाव चुकलं तं त्याच्या घरचे रडतेत."

'एका इसमाचा मृत्यू' असं कोणी लिहून पाठवलं की ते कागद परत करत. "इसम कोनाच्या घरी जन्माले येते का? इचारा त्याचं नाव!" आम्ही त्यांच्यामागे या वाक्याची नक्कल करायचो.

निवृत्त झाल्यावर ते सिंदेवाहीला आपल्या घरी राहायला गेले. मी नागपूरला एका कंपनीत लागले. तिथल्या एका मैत्रिणीने मला एक व्हिडिओ गेम दाखवला. हुकूमशाही असलेल्या एका काल्पनिक देशात आपण वर्तमानपत्राचे संपादक. रोज टेबलावर बातम्या येतात. कोणती छापायची, कोणती टाकून द्यायची, किती मोठी लावायची, हे आपण ठरवायचं. सरकार नाराज झालं तर तुरुंग, आणि घरी बायकोमुलं. मला देवाजीभाऊच आठवले. दिवाळीच्या सुटीत मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले.

माझा अंदाज होता, हा माणूस दोन डावांत तुरुंगात जाणार. इंग्रजी मी समजावून सांगत होते, माउस त्यांच्या हातात होता. "मंत्र्याचा फोटू वर घेऊ. संपाची बातमी आत, बारीक. हवामान मोठं लाव." मध्येच त्या शहरात गोळीबार झाला. ते जरा थांबले आणि ती बातमी त्यांनी कोपऱ्यात ढकलली. खेळ संपला तेव्हा ते सुखरूप होते, सरकारने वर पदक दिलं होतं. मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी चष्मा काढून खाली ठेवला.

"पाह्यलं? मले शिकवा नाई लागलं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. पंचवीसेक वर्षांपूर्वी तलावावर मासेमारी करणाऱ्या एका गावातल्या रामाजीला पोलिसांनी चौकशीसाठी उचलून नेलं होतं. दोन दिवसांनी त्याचं प्रेत तलावात सापडलं. अंगावर वळ होते. त्याची बायको जनाबाई त्याचा फोटो घेऊन थेट दैनिकाच्या कार्यालयात आली. देवाजीभाऊंनी सगळं लिहून घेतलं. संध्याकाळी पोलिसातल्या एका बड्या साहेबाचा फोन आला. साहेबाने आवाज चढवला नाही. तुमची मुलगी कितवीत आहे आणि शाळेत कोणासोबत जाते, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळी आल्या, 'तलावात बुडून इसमाचा मृत्यू'.

"तवापासून सगळ्याईचे नावं वाचून राह्यलो," ते म्हणाले. "पन तिच्या गावाले गेलो नाई."

"मग उद्या जाऊ या," मी म्हणाले.

"काय सांगू तिले?"

"मला सांगितलंत तेच."

सकाळच्या बसने आम्ही गेलो. जनाबाई अंगणात जाळं सांधत बसली होती. देवाजीभाऊ उभ्यानेच सगळं बोलले. तिचे हात थांबले नाहीत. त्यांचं बोलणं संपल्यावर तिने वर पाहिलं.

"तो पेपर मी दुसऱ्याकडून वाचून घेतला होता, भाऊ. लहानपनापासून त्याच तलावात पोहत होते ते. त्यायले बुडवलं तुमी."

"भ्यालो मी, बाई."

"आतं लिवता का?"

"लिवतो."

लिहायला त्यांना महिना लागला. त्यासाठी ते आणखी चारदा तिच्याकडे गेले. दोन दैनिकांनी मजकूर 'जुनं प्रकरण' म्हणून परत केला. शेवटी अहेरीच्या एका साप्ताहिकाने तो पानभर छापला. त्यात रामाजीचं नाव होतं, वळ होते, साहेबाचा फोन होता आणि 'मी भ्यालो' हेही होतं. कोणाला शिक्षा झाली नाही. देवाजीभाऊंना मात्र शिव्यांचं एक निनावी पत्र आलं. ते त्यांनी वाचलं आणि चुलीत टाकलं. अंक घेऊन आम्ही जनाबाईकडे गेलो. तिच्या नातीने तो वाचून दाखवला. 'रामाजी बुडून मेले नाहीत' हे वाक्य जनाबाईने पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग ती आत गेली आणि मरळ माशाचा रस्सा आणि भात वाढून घेऊन आली. "जेवून जाजा," म्हणाली. देवाजीभाऊ हात धुऊन जेवायला बसले.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर एकेक जण त्यांच्याविषयी बोलायला उठला. निर्भीड, झुंजार असे शब्द आले. जनाबाई बायकांमध्ये मागे बसली होती. ती उठून फोटोपाशी आली तेव्हा कोणीतरी विचारलं, "बाई, तुमी यायच्या कोन?"

तिने हातातली फुलं फोटोपुढे ठेवली.

"यायनं पयले माह्या मालकाची खोटी बातमी छापली होती," ती म्हणाली. "मंग घरी येऊन खरी लिवली."

एवढं बोलून ती हात जोडून उभी राहिली.