चावायला काहीतरी हवं

मिक्सरमावशी हे काही तिचं जन्माचं नाव नव्हतं. एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तिने एकोणीस वर्षं काढली, आणि त्यातली सोळा एकाच ओट्याशी. दात नसलेल्यांचं, गिळता न येणाऱ्यांचं, नुकत्याच शस्त्रक्रियेतून उठलेल्यांचं जेवण तिच्याकडे असायचं. भाजी असो, डाळ असो, फळ असो, तिच्या हाताखालून गेलं की त्याचा गुळगुळीत लगदा व्हायचा. चमचा उभा राहिला पाहिजे आणि कलता केला की हळूच घसरला पाहिजे, ही तिची परीक्षा. निवृत्त झाली तेव्हा सगळ्यांनी मिळून तिला तोच जुना, बादलीएवढ्या भांड्याचा मिक्सर भेट दिला. "मावशी, याला तुमच्याशिवाय करमायचं नाही," असं मुख्य आचारी म्हणाला, तेव्हा ती रडता रडता हसली होती.

घरी नवरा, म्हातारी सासू आणि सदतीस मेंढ्या. मेंढ्यांशी तिचा संबंध आजवर येता-जाता हाड-हुड करण्यापुरता. पण निवृत्त माणूस घरात भांडी तरी किती वेळ पुसणार? वर्षभरात तिला एकेकीचा स्वभाव पाठ झाला. कळपाच्या पुढे चालणारी, गळ्यात घंटा असलेली एक थोराड मेंढी होती. आपल्याला न विचारता कुणीतरी काहीतरी परस्पर ठरवलंय, असा भाव तिच्या तोंडावर कायम असायचा. मावशीने तिचं नाव आत्याबाई ठेवलं.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. टेकडीवरचं गवत आधी पिवळं पडलं, मग विरलं, मग टेकडीला टक्कलच पडलं. मेंढ्या सकाळी चरायला जायच्या आणि धूळ चाटून परत यायच्या. त्यांतल्या बावीस गाभण होत्या.

एका दुपारी नवरा हातपाय धुऊन दारापुढच्या ओट्यावर टेकला. काठीची मूठ अंगठ्याने घासत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "व्यापाऱ्याशी बोललोय. गवत संपतंय, तेव्हा गाडी घेऊन या म्हटलं. येत्या महिन्याच्या पहिल्या बुधवारी येतोय."

"किती नेणार?"

"सगळ्या."

बाराव्या वर्षापासून हा माणूस मेंढ्यांमागे हिंडला होता. त्या गेल्या तर सकाळी उठून तो जाणार कुठे, हे तिला कळेना. आणि त्यालाही ते कळत नव्हतं, हे त्या मुठीवरून दिसत होतं.

"तीन आठवडे आहेत तर," ती म्हणाली. "तोवर त्यांचं खाणं माझ्याकडे द्या."

"तीन आठवड्यांत तू पाऊस पाडणार?"

"पाऊस कशाला? जेवण करणार. न जेवणाऱ्यांना जेवायला घालण्यात माझा जन्म गेलाय."

"ती माणसं होती."

"तुम्ही त्यांतली काही बघितली नाहीत म्हणून असं म्हणताय."

दुसऱ्या दिवसापासून ती हातगाडी घेऊन निघाली. खालच्या अंगाला विहिरींच्या पाण्यावर पिकं निघाली होती आणि मागे राहिलेल्याला कुणी वाली नव्हता. दाणे काढलेली मक्याची कणसं बांधावर पेटवायला रचलेली. वाटाण्याच्या वाळक्या वेली. बिया झोडून घेतलेल्या सूर्यफुलांच्या रिकाम्या चकत्या. गव्हाचं काड. सॉसच्या कारखान्यामागे टोमॅटोच्या चोथ्याच्या ढिगावर माश्या घोंगावत होत्या. "न्या मावशी, सगळा न्या," राखणदार नाकावरचा रुमाल न काढता म्हणाला. "तुमच्या मेंढ्या जगतील, आणि मीही."

जनावरांच्या डॉक्टरीणबाई स्कूटरवरून जाताना थांबल्या आणि त्यांनी बजावलं: चोथा ओला देऊ नका, दोन दिवसांत आंबतो, कडकडीत वाळवा. बुरशी दिसली की फेकून द्या. पेंड मूठभरच. आणि नवीन खाणं एकदम नको, रोज थोडं थोडं वाढवा. मावशीने सगळं नीट ऐकून घेतलं. बारीक करायचं की नाही, हे मात्र तिने विचारलं नाही. ते विचारण्यासारखं आहे, असंच तिला वाटलं नाही.

अंगणात ताडपत्रीवर चोथा वाळला. मग मिक्सर गरगरला. कणसं आधी मुसळाने फोडून, मग वेली, चकत्या, काड, सगळं त्याच्या पोटात गेलं आणि पीठ होऊन बाहेर आलं. वरून उसाच्या गोड मळीचं पाणी शिंपडून तिने ते गव्हाणीत ओतलं. खमंग वास सुटला. खरं सांगायचं तर तिने स्वतः चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिलं.

मेंढ्यांनी वास घेतला, आत्याबाईकडे बघितलं. आत्याबाईने नाक फेंदारलं आणि पाठ फिरवली. तिच्यामागे छत्तीस पाठी फिरल्या.

"झालं जेवण?" नवऱ्याने विचारलं.

"पहिल्या दिवशी कोण जेवतं? इस्पितळातही पेशंट पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून झोपतो. त्याला ओळखीचं काहीतरी ताटात दिसावं लागतं."

घरात जपून ठेवलेल्या वाळल्या गवताची एक पेंढी होती. तिने मूठभर गवत पिठावर भुरभुरलं, तेही आत्याबाईच्या जागेपुरतंच. आत्याबाईने दोन काड्या उचलल्या. काड्यांना पीठ लागलेलं. ती थबकली, ओठ चाटले आणि तोंड गव्हाणीत घातलं. मग काय, अशी झुंबड उडाली की मावशीची चप्पल त्यात सापडली.

आठवडाभर मावशी मिरवली. शेजारणीला सांगितलं, राखणदाराला सांगितलं. नवऱ्याला सांगितलं नाही, पण तो जवळून जाताना गाणं गुणगुणायला लागली.

आणि मग सगळं बिनसलं. आधी लेंड्या पातळ झाल्या. मग खाणं निम्म्यावर आलं. दुपारी सावलीत बसायच्या त्या मेंढ्या उभ्याच राहू लागल्या, आणि उभ्या राहून एकमेकींची लोकर ओढून चघळू लागल्या. दोन-तिघींच्या पाठीवर लोकर जाऊन चट्टे पडले. आत्याबाईने तर गव्हाणीची फळी कुरतडून ठेवली. दहा दिवस उरले होते.

"त्यांना नाही सोसत," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला बरं वाटलं असतं. "तू केलंस तेवढं पुष्कळ केलंस. मी व्यापाऱ्याला आधीच यायला सांगतो."

"ठरलेला बुधवार येऊ द्या," ती म्हणाली आणि गव्हाणीत उरलेलं पीठ झाडून गोळा करू लागली.

त्या दुपारी ती सासूला भरवायला बसली. सासूच्या तोंडात एकही दात नव्हता आणि मावशीच्या हातचा लगदा ती रोज निमूट गिळायची. आज चमचा पुढे नेला तर म्हातारीचा एक गाल फुगलेला. गाल हलत होता.

"काय आहे तोंडात? दाखवा बघू."

म्हातारीने चोरी पकडल्यासारखी मान फिरवली. मावशीने हनुवटी धरली तेव्हा आतून पावाच्या कडेचा एक दगडासारखा तुकडा निघाला.

"अहो, हा घशात अडकला असता म्हणजे? मी एवढं मऊ करून देते ते कशाला?"

"तुझं मऊ पोटात जातं गं," म्हातारी म्हणाली. "पण जेवल्यासारखं वाटत नाही. गाल चालायला लागतो माणसाचा. मला चावायला काहीतरी दे. नाहीतर तुझा पदर चावीन एक दिवस."

मावशीच्या हातातला चमचा तसाच राहिला. बाहेर एक मेंढी दुसरीची लोकर ओढत होती.

ती ओट्यावर येऊन उभी राहिली आणि कळप नीट बघितला, पहिल्यांदाच पेशंट म्हणून नाही, मेंढ्या म्हणून. वर्षभर पाहिलेली एक गोष्ट आता दिसत नव्हती. एकही जबडा हलत नव्हता. गिळलेलं परत तोंडात आणून, डोळे अर्धे मिटून, तासन्‌तास चघळत बसायचं, हे मेंढीचं अर्धं आयुष्य. पिठाचं काय परत आणणार आणि काय चघळणार?

डॉक्टरीणबाईंना फोन लावला तर त्या ओरडल्याच. "मावशी, तुम्ही पीठ करत होता? अहो, त्यांना रवंथ करायला काड्या लागतात. बोटाएवढे तुकडे ठेवा. आधी दोन दिवस काड जास्त, बाकी कमी, मग हळूहळू वाढवा."

फोन ठेवून ती नवऱ्यासमोर गेली. एकोणीस वर्षांत कुणी तिच्या पदार्थात चूक काढली नव्हती, त्यामुळे कबूल करायची सवय नव्हती. "माझं चुकलं," ती म्हणाली. "मी त्यांना दात नसल्यासारखं जेवायला घालत होते."

 नवऱ्याने उठून कोपऱ्यातला विळा घेतला, दगडावर परजला. "केवढे तुकडे म्हणालीस?"

"बोटाएवढे."

"तुझ्या की माझ्या?"

दोघं समोरासमोर बसून वेली आणि काड कापू लागले. चकत्या हाताने मोडल्या, कणसं नुसती फोडली. चौथ्या दिवशी लेंड्या घट्ट झाल्या. सहाव्या दिवशी दुपारी आत्याबाई सावलीत गेली, पुढचे गुडघे मोडून बसली आणि तिच्या गळ्यातून एक गोळा वर सरकताना दिसला. जबडा डावीकडून उजवीकडे फिरू लागला. मागोमाग एकेक बसली. थोड्या वेळाने अंगणभर तो ओला, संथ कचकच आवाज भरून राहिला. नवरा विळा खाली ठेवून ऐकत बसला. म्हातारी म्हणाली, "माझ्यापेक्षा त्यांची सोय लवकर झाली."

बुधवारी व्यापारी गाडी घेऊन आला. त्याने आत्याबाईच्या लोकरीत हात घालून पाठीचा कणा चाचपला. मग दुसरीचा, तिसरीचा. "महिन्यापूर्वी हाताला हाडांचा कंगवा लागत होता," तो म्हणाला. "मांस धरायला लागल्यात की. गवत कुठून आणलंस?"

"गवत नाही. काड, वेली, कणसं. हिला विचारा."

"मग उलट बरं झालं. फळी लावू का गाडीला?"

नवऱ्याने मावशीकडे बघितलं, मग कळपाकडे. "नको. रिकामी न्यावी लागेल."

"शब्द दिला होतास."

"गवत संपलं म्हणून दिला होता. खाणं संपलेलं नाही. तुमचा हेलपाटा झाला, तेवढा चहा घेऊन जा."

व्यापारी कुरकुरला, पण बसला. चहा पिताना त्याची नजर सारखी सावलीतल्या जबड्यांकडे जात होती. शेवटी कप ठेवत, जरा आवाज उतरवून म्हणाला, "माझ्याकडेही चाळीस आहेत दारात. कसं करायचं ते सांगाल का, मावशी?"

"सांगते. पण आधी एक सांगा, घरी मिक्सर आहे?"

"आहे."

"तो चटणीलाच राहू दे," मावशी म्हणाली, आणि आपल्या मिक्सरच्या त्या बादलीएवढ्या भांड्यातून मळीचं पाणी मोजून गव्हाणीत शिंपडू लागली.