पाच टनांचा हार्वेस्टर

माझे वडील भांडुपच्या ज्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, तिथे शेतीची अवजारं बनायची. तो बंद पडला, जागा विकली गेली आणि तिथे टॉवर उभे करणाऱ्या कंपनीत मी साइट इंजिनिअर म्हणून लागलो. वडिलांनी यावर कधी काही म्हटलं नाही. मीही विषय काढला नाही.

मागची शेड पाडताना आत एक जुना हार्वेस्टर निघाला. पीक कापून जागेवरच मळून देणारं, खोलीएवढं धूड. उंदरांनी पट्टे कुरतडले होते, इंजिन जाम होतं. साहेबांना तो आवडला. म्हणाले, "बागेत ठेवू. कारखान्याची आठवण. उद्घाटनाला चालवूनच दाखवू, झकास वाटेल. कोणी दुरुस्त करणारा आहे का?"

मी वडिलांचं नाव सुचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जुना खाकी शर्ट घालून गेटवर हजर. हार्वेस्टरभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "ह्येचा कायएक बिघडूक नाय. नुसता जाम झाला." मग एका बोल्टवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो मीच आवळलेलो."

सात महिने ते रोज आले. सिलिंडरमध्ये डिझेल ओतून आठ दिवस वाट पाहायची, मग लोखंडी पहारीने इंजिनाचं चाक हलवून बघायचं. चाक हललं नाही की पुन्हा ओतायचं. तिसऱ्या खेपेला ते बोटभर फिरलं, तेव्हा त्यांनी मला सहाव्या मजल्यावरून खाली बोलावून घेतलं. डिझेल फवारणारे नोझल साफ करून आणले. पट्टे मिळेनात, म्हणून घाटकोपरच्या एका गल्लीतून माप देऊन बनवून घेतले. घरी जेवताना ते बोलायला लागले होते. इतकी वर्षं आमच्यात पेपर आणि टीव्ही एवढंच बोलणं व्हायचं.

पाचव्या महिन्यात नकाशा बदलला. बाग जमिनीवरून उचलून पार्किंगच्या छतावर गेली. ते छत पाच टनांचं वजन पेलणार नव्हतं. हिशोब मीच केला, खाली सही माझीच आहे. वडिलांना सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. खरं कारण एवढंच की जेवताना ते पुन्हा गप्प झालेले मला नको होते.

एका दुपारी इंजिन सुरू झालं. आधी काळा धूर, मग ठोके लागले आणि आतला मळणीचा ड्रम गरगर फिरायला लागला. कुंपणालगतचं वाळलेलं गवत वॉचमनने कवेत भरून आणून आत टाकलं, मागून भुसा उडाला. वडील माझ्या कानाशी ओरडले, "आयकलंस? एक ठोको चुकना नाय!"

चार दिवसांनी साहेब आले. त्यांनी तो चालवून बघितलासुद्धा नाही. "अरे, हे काका अजून येतात? तू सांगितलं नाहीस का? इंजिन, ड्रम, आतलं सगळं काढून टाका. फक्त पत्रा वर जाणार आहे."

वडील शेजारीच उभे होते. साहेब गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुका कधी कळला?"

"दोन महिने झाले."

"इंजिन चालू होऊच्या आधी?"

"हो."

त्यांनी पाने-पक्कड पुसून पिशवीत भरले. मी म्हटलं, "बाबा, रिक्षा बोलावतो." ते चालत गेले.

गॅस कटर लावला त्या दिवशी तिथे उभं राहणं माझंच काम होतं. इंजिन तीन तुकड्यांत निघालं. पोकळ पत्र्याला पिवळा रंग देऊन क्रेनने वर चढवला. उद्घाटनाला लोकांनी फोटो काढले. पाटीवर लिहिलं होतं, 'इथल्या कष्टकऱ्यांना समर्पित.' वडिलांना आमंत्रण मीच दिलं. "गुडघो दुखता," म्हणाले. महिन्याभराने माझं प्रमोशनही झालं.

परवा जिन्यात शेजारच्या काकूंनी त्यांना विचारलं, "मागच्या वर्षी रोज सकाळी डबा घेऊन कुठे जायचात हो?"

मी मागेच होतो. वडील म्हणाले, "खंय नाय ओ. घरात बसान कंटाळो येय, म्हणान फिरूक जाय होतंय."