पप्पा मागच्या बाकाकडे गेले

आज अंबरनाथच्या आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचे पेले धुताना द्राक्षरसाचा वास आला आणि पप्पांचा तो रविवार आठवला. मी तेव्हा शाळेत होते. प्रभुभोजनाची भाकर वाटायला सुरुवात होणार, तोच पप्पा उठले आणि मागच्या बाकावरच्या काकांपुढे जाऊन उभे राहिले. आजीच्या मातीच्या दिवशी त्यांनी काकांवर हात उचलला होता; तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

“सुधीर, ते पाप माझं होतं. देवाकडे क्षमा मागितली, पण तुझ्याकडे मागायची राहिली.”

काका जरा सरकले. “दादा, बस इथे.”

सगळे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता वाटतं, पप्पा मला इतके मोठे पुन्हा कधीच दिसले नाहीत. त्या दुपारी काका आमच्याकडे जेवले आणि पप्पांच्या शेजारी चटईवर निवांत झोपले.