कुरळ्या केसांचे बंध

कापलेले केस झाडून टाकता येतात, किस्से मात्र पार्लरमध्येच साठून राहतात. रत्नागिरीत पार्लर चालवायला लागून मला पंधरा वर्षं झाली. त्याआधी केमिस्ट्रीत बीएस्सी केलं. ते वाया गेलं असं आईला अजून वाटतं. पण केस म्हणजे प्रोटीनच की, अमिनो आम्लांच्या लांबच लांब साखळ्या. माझे हात दिवसभर त्यातच असतात.

*

मालगुंडची एक नवरी. केस कुरळे, तिला हवे होते सरळ. दोन तास इस्त्री फिरवली आणि बजावलं, या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध तात्पुरते असतात, दमट हवा लागली तरी पहिल्यासारखं होईल. ती इथून थेट समुद्रावर फोटो काढायला गेली. तासाभरात फोन. मी म्हटलं, सांगितलं होतं ना. तर म्हणते, "मला सांगितलंत हो ताई, केसांना कुठे सांगितलंत?"

*

शिंदेकाकूंनी प्रोटीन मिळावं म्हणून घरीच केसांना अंडं लावलं आणि चांगल्या कढत पाण्याने धुतलं. उष्णतेने अंड्यातल्या प्रोटीनची घडी मोडते आणि ते घट्ट होतं. झालंच! डोक्याला टॉवेल गुंडाळून काकू हजर. मी आणि माझी मदतनीस मनीषा तासभर फणीने शिजलेलं अंडं वेचत होतो. काकांनी दारातून डोकावून विचारलं, "कांदा चिरून आणू?"

काकू आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

*

केस कायमचे सरळ करायचे तर गंधकाचे पक्के डायसल्फाइड बंध तोडावे लागतात. एका औषधाने तोडायचे, केस सरळ करायचे, दुसऱ्याने पुन्हा जोडायचे. त्या पहिल्या औषधाचा वास असा, की एकदा शेजारचे दुकानदार गॅस गळतोय समजून वाळूची बादली घेऊन धावत आले. खुर्चीतल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "दादा, ती मीच."

*

ही दोन औषधं कशाला, असं एका इंजिनिअर बाईंनी मनीषाला विचारलं. मनीषाचं शिक्षण दहावी. ती म्हणाली, "पहिल्याने काडीमोड, दुसऱ्याने नवं लग्न." मला एवढं सोपं कधीच सांगता आलं नव्हतं.

*

गेल्या महिन्यात केळकर मॅडम आल्या. कॉलेजात प्रोटीन मला त्यांनीच शिकवलं, आणि मी पार्लर काढल्यावर वर्षभर धड बोलल्या नव्हत्या. मध्यंतरी त्यांना कॅन्सर झाला, केमोथेरपीत सगळे केस गेले. आम्ही सगळ्यांनी त्यांची सरळसोट वेणीच पाहिलेली. त्यांनी स्कार्फ सोडला, तर डोकंभर बारीक कुरळे केस! उपचारानंतर कधी कधी असे येतात.

मी सवयीने विचारून बसले, थोडे वाढले की सरळ करून देऊ का.

मॅडमनी आरशात मान इकडे तिकडे वळवून पाहिलं. एक वेटोळं बोटाने ओढून सोडलं. ते टुणकन जागेवर गेलं.

"एकही बंध तोडायचा नाही," त्या म्हणाल्या. "मानेवरचे तेवढे नीट कर. संध्याकाळी मला मिरवायचंय."