ठोकळा

खाणीच्या शेडमध्ये तिला सगळे नखमावशी म्हणत. उजव्या अंगठ्याचं नख तिने जपून वाढवलं होतं, आणि ते काही नटण्यासाठी नव्हे. जमिनीत खोल भोक पाडून काढलेल्या दगडाच्या कांड्या तिच्यापुढे यायच्या. नखाने ओरखडा उठला तर जिप्सम. नाही उठला तर त्याचाच कोरडा, हट्टी भाऊबंद, ज्याच्या अंगाला अजून पाणी लागलेलं नाही. कधीकाळी इथला समुद्र आटला आणि हा थर मागे राहिला, असं भूगर्भवाल्या साहेबांनी तिला सांगितलं होतं. जिप्समची खोड एकच, ते पाण्यात विरघळतं. वरून जमीन धडधाकट आणि आत भगदाड.

म्हणून कामाचा एक नियम होता. कांड्या पेटीत क्रमाने मांडायच्या, आणि आत पोकळी लागली असेल तिथे तेवढ्याच लांबीचा लाकडी ठोकळा ठेवायचा. कांड्या एकमेकींना भिडवल्या की पोकळी पेटीतून गायब आणि साहेब फसले. नव्या बायकांना हे सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस यायचा.

तिचा नवरा तापाचं निमित्त होऊन गेला. ती रडली नाही. दुसऱ्याच दिवशी तिने त्याची खाट देऊन टाकली आणि त्या जागी कपाट सरकवलं. बाई खंबीर आहे, लोक म्हणाले. लोकांचं काय जातं म्हणायला? खंबीर कसली, बधिर झाली होती. घास पोटात जायचा, चव कळायची नाही. शेजारी धाकटी जाऊ राहायची, मधली भिंत एकच. ती बोलायला यायची, ही नुसतं हूं म्हणायची.

मग त्या भिंतीला तडा गेला. खालची जमीन तपासायला खाणवाल्यांनी घरामागेच भोक पाडलं. घर राहील ना, असं जाऊ दोनदा विचारून गेली. कांड्या शेडमध्ये आल्या तेव्हा ड्रिलवाला म्हणाला, "मावशी, इथं ड्रिलचा दांडा पोकळीत एकदम सुटला होता. हातभर ठोकळा घाला."

तिने मान हलवली. पेटी भरली, हात धुतले, डबा उघडला. पहिला घास तोंडात असतानाच तिचं लक्ष गेलं, ठोकळा बाकावरच पडला होता. कांड्या तिने अगदी घट्ट भिडवल्या होत्या. घर वाचवायला केलं म्हणावं, तर तेही मनात आलं नव्हतं. हातांनी परस्पर करून टाकलं होतं, त्या दिवशी कपाट सरकवलं तसंच.

साहेब पेटी बघायला निघालेच होते. भिंतीपलीकडे जावेची पोरं झोपायची. तिने घास गिळला, उठून कांड्या मागे सारल्या आणि मध्ये ठोकळा बसवला. साहेबांनी तो बोटांनी मोजला आणि वहीत लिहून घेतला. दोन्ही घरं आजच रिकामी करा, असा निरोप संध्याकाळी आला.

जाऊ भांडी बांधायला मदतीला आली, तर मावशी कपाटाला खांदा लावून ढकलत होती.

"ताई, ते जड आहे. शेवटी गडी नेतील ना."

मावशीने ऐकलं नाही. कपाट हललं. खाली फरशीवर खाटेच्या पायांचे चार डाग तसेच होते. ती त्यांच्या मधोमध खाली बसली.

"इथं ह्यांची खाट होती," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.