सुनिताबाई आणि सत्तर हजार वर्षांची सवत

आफ्रिकेतून निघालेली बाई वाळवंट ओलांडून, समुद्रकाठ तुडवत, जंगली जनावरं चुकवत इथवर धडधाकट आली आणि आमच्या शाळेच्या कमानीखाली तिचं डोकं उडालं. उडवलं मी. म्हणजे टेम्पो रूपेश चालवत होता, पण मागे उभा राहून हात हलवत "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे" असं ओरडत होतो मी. माझं सगळं लक्ष चाकांकडे. मूर्ती उभी करून आणलीय आणि तिला डोकं आहे, हे कमानीच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

तलासरीजवळच्या आमच्या शाळेत मुलांसाठी एक खोली सजत होती. माणूस कुठून आला आणि कुठे कुठे गेला, हे दाखवणारी. त्यासाठी मुंबईहून फायबरचं एक आदिम कुटुंब मागवलं होतं. हात उंचावून दूर काहीतरी दाखवणारा बाप्या, शेजारी त्याची बायको, तिच्या कडेवर पोर. बाप्या आणि पोर शाबूत उतरले. हेडमास्तरांनी माझ्या डोक्याकडे, हे तिथे बसेल का, अशा नजरेनं पाहिलं. उद्घाटन पुढच्या आठवड्यात होतं.

मी दुसऱ्या दिवशी सरावलीला गेलो. तिथे नवीन आणि सुनिताबाई हे जोडपं गणपती बनवतं. मूर्ती घडवतो नवीन, पण डोळे आखतात सुनिताबाई. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी ब्रश हातात धरला नव्हता. पहिल्याच वर्षी ऐन चतुर्थीच्या तोंडावर नवीन तापाने फणफणला आणि गणपतींची रांग मिटल्या डोळ्यांनी बसून राहिली. नव्या सुनेनं ब्रश उचलला. तेव्हापासून गिऱ्हाईक मूर्तीची उंची नंतर विचारतं, आधी विचारतं, "डोळे वहिनींचेच ना?"

डोळे आखताना बाई तोंडात पाण्याची गुळणी धरून बसतात. बोलणंच नको. बोललं की हात हलतो, असं त्यांचं म्हणणं. एरवी बाईंचं तोंड म्हणजे मुंबई-अहमदाबाद हायवे, कधी थांबत नाही. आणि त्यावरची निम्मी वाहतूक असते नवऱ्याच्या चौकशीची. कुठे गेला होता, कोण भेटलं, ती काय म्हणाली, मग तू का हसलास. नवीन मासे घेताना जरा जास्त हसला की त्या घरात चार दिवस मासे शिजत नाहीत. दरवर्षी गौरीचे मुखवटे तयार झाले की बाई एकेक मुखवटा हातात घेऊन उजेडात फिरवतात आणि विचारतात, "हिला कुठं बघितली?"

तर नवीननं शाडूत काथ्या कालवून डोकं घडवलं. पहिलं डोकं मी नापास केलं. नाक सरळ, ओठ नाजूक, गालाला खळी. सत्तर हजार वर्षांपूर्वीची ती बाई हळदीकुंकवाला निघाल्यासारखी दिसत होती.

"अरे, हिनं ऊन सोसलंय, उपास काढलेत," मी म्हणालो. "चेहरा रापलेला पाहिजे. गालाची हाडं दिसली पाहिजेत."

नवीन विचारात पडला आणि नेमकी त्याच वेळी हंसा दारात आली. हंसा डहाणूच्या किनाऱ्याकडून डोक्यावर टोपली घेऊन सुके बोंबील विकायला येते. उन्हाने डोळे बारीक केलेले, गालाची हाडं वर आलेली. नवीननं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मातीकडे. संध्याकाळपर्यंत डोकं तयार! मी इतका खूश झालो की टाळी वाजवली. तेवढी एक टाळी मी वाजवायला नको होती.

कारण सुनिताबाई आतून आल्या, त्यांनी डोक्याभोवती एक फेरी मारली आणि ब्रश पाण्याच्या डब्यात उभा करून ठेवला.

"हिचे डोळे मी नाय काढायची."

"का गं?" नवीननं विचारलं.

"जिला एवढी बघून ठेवलीय तिचे डोळे पण तूच काढ. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं तोंड घडवलंस कधी?"

"तुझं तोंड तर रोजच बघतो," नवीन म्हणाला.

हे उत्तर देण्यापेक्षा त्यानं स्वतःच गुळणी धरायला हवी होती.

हंसानं त्यात भर घातली. तिला कोणीतरी सांगितलं की तुझा चेहरा शाळेत लागणार. ती दारोदार सांगत सुटली, "मी अख्ख्या जगाची आजी हाय! पाया पडा नि बोंबील घ्या!" सरावलीत सगळ्यांनी बोंबील घेतले. एक घर सोडून.

मी घरी येऊन हे सगळं कल्पिताला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं. ती चिकू सोलत होती. खरं सांगायचं तर मला नवीनचा हेवा वाटत होता. बायको एवढी जळते, म्हणजे नवऱ्यात काहीतरी असणार! मी सहज म्हणून विचारलं, "समजा, मी एखाद्या बाईचा चेहरा घडवला असता..."

"तुम्ही?" ती म्हणाली. "तुमची चपाती गोल होत नाही, चेहरा कुठून होणार?"

"समजा झाला. तू जळली असतीस?"

"त्या बाईची कीव आली असती. घ्या, चिकू खा."

त्या रात्री नवीनबद्दल माझ्या मनात जे आलं ते शिक्षकाला शोभणारं नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी पुन्हा सरावलीला गेलो. डोकं रंगून तयार होतं, पण डोळ्यांच्या जागी दोन पांढरी बोरं. घरात नवीन एका कोपऱ्यात, बाई दुसऱ्या कोपऱ्यात, मध्ये ते डोकं. मी ठरवलं, आता विज्ञानच कामाला लावायचं.

"सुनिताबाई, ही हंसा नाहीच. ही आपली सगळ्यांची आजी आहे."

"आजी अशी असते? तरणीताठी?"

"आजीसुद्धा कधीतरी तरणी होतीच की. असं बघा, आपल्यासारखी माणसं पहिल्यांदा आफ्रिकेत झाली, तीनेक लाख वर्षांपूर्वी. पुढे साठ-सत्तर हजार वर्षांपूर्वी त्यातली काही तिथून बाहेर पडली."

"का? भांडण झालं?"

"पाऊस कमी झाला असेल, शिकार सरली असेल. नक्की कोणालाच ठाऊक नाही. आणि एका दमात कोणी पोचलं नाही. बोर्डीच्या माणसानं डहाणूत घर करावं, त्याच्या नातवानं आणखी पुढं, असं हजारो वर्षं चाललं. कोणी समुद्राच्या कडेकडेनं, शिंपल्या-खेकडे खात. काही आपल्याकडे आली, काही पार ऑस्ट्रेलियापर्यंत पोचली."

"म्हणजे ही माझी पण आजी?"

"तुमची, माझी, हेडमास्तरांची. हंसाची पण."

"मंग हंसा नि मी बहिणी?"

"लांबच्या का होईना, बहिणीच!"

मला वाटलं, जिंकलो. बाई म्हणाल्या, "माझी सख्खी बहीण माझी साडी नेसून गेली ती अजून आणून देत नाय. बहिणीचं मला नका सांगू."

नवीन कोपऱ्यात खुसखुसला. बाईंनी एकदाच तिकडे पाहिलं. खुसखुस थांबली.

मग थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "ती माणसं पुढं गेली, तर पुढचा मुलूख रिकामाच पडलेला?"

विद्यार्थ्यानं आपणहून प्रश्न विचारला की मास्तरचं भान सुटतं. माझंही सुटलं. "छे! काही ठिकाणी आणखी वेगळीच माणसं आधीपासून राहत होती. निअँडरथल म्हणतात त्यांना. भुवया जाड, बांधा दणकट. आपल्या माणसांची त्यांच्याशी गाठ पडली, संसारसुद्धा थाटले. जगातल्या बहुतेकांच्या अंगात त्यांचा थोडा अंश अजून आहे."

"त्यांच्यात बाया पण होत्या?"

"असणारच की!"

सुनिताबाईंनी त्या डोक्याकडे पाहिलं. आतापर्यंत पाहत होत्या तसं नाही, शेजारीण दारात रडत आली की पाहतात तसं. मग माझ्याकडे वळून, "तो बाप्या हिच्या कुठल्या बाजूला उभा हाय?" एवढंच विचारलं.

"उजव्या," मी म्हणालो.

बाईंनी तांब्या उचलला, गुळणी भरली आणि ब्रश हातात घेतला. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

डोळे झाल्यावर त्यांनी गणपतीला बांधतात तसा रुमाल मूर्तीच्या तोंडावर बांधला आणि उद्यापर्यंत सोडायचा नाही, असं हातानंच बजावलं. ते डोकं मांडीवर घेऊन मी तलासरीच्या एसटीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे?" मी म्हणालो, "आजी." त्यानं पुढे काही विचारलं नाही, तिकीटही मागितलं नाही. उलट शेजारच्या माणसाला सरकून बसायला सांगितलं.

उद्घाटनाला सरावलीहून नवीन आणि सुनिताबाई आले. हंसाही आली, टोपली न घेता, नवी साडी नेसून. बाप्याच्या पायाशी पाटी होती, 'नव्या भूमीकडे पाहणारे कुटुंब'. समोरच्या भिंतीवर मुलांनी निळा समुद्र आणि पलीकडे हिरवा किनारा रंगवला होता. बाप्याचा हात त्या किनाऱ्याकडे. हेडमास्तरांनी रुमाल सोडला.

डोळे अप्रतिम होते. पाणीदार, जिवंत. हंसानं आपला गाल चाचपून पाहिला. पण ते डोळे ना समुद्राकडे पाहत होते, ना किनाऱ्याकडे. बुबुळं पार उजव्या कोपऱ्यात जाऊन बाप्याच्या तोंडावर रोखलेली होती. आणि बिचारा फायबरचा बाप्या, मुंबईहून आला तेव्हा चांगला शूर दिसत होता, तो आता काहीतरी लपवत असल्यासारखा दिसत होता.

मी हळूच सुनिताबाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी नवीनची बाही घट्ट धरली होती.

"अहो बाई," मी कुजबुजलो, "एवढा नवा मुलूख समोर दिसतोय, आणि ही नवऱ्याकडे काय बघत बसलीय?"

"तिकडं आधीपासून बाया हायेत, तुम्हीच सांगितलं ना."